कोरी काठी निवडताना

नवी मुंबईच्या खाडीकाठी, वाशी-नेरुळ-बेलापूरच्या बाजूला, ओहोटी संपून पाणी चढू लागले की गळाच्या काठ्या घेतलेली माणसे दिसू लागतात. त्यांत जुने जाणते असतात, तशी शाळा-कॉलेजातली मुलेही असतात. अशाच एका सकाळी अकरावीतील एका विद्यार्थ्याच्या गळाला मोठा मासा लागला. त्याची काठी फार लवलवीत होती. ती पार मुठीपर्यंत कमानीसारखी वाकली, पण मासा काही वळेना. बराच वेळ ओढाताण झाली. अखेर मासा तिवरांच्या मुळांत शिरला आणि दोरा तुटला. मासा गेला, पण गळ आणि त्यावरचे प्लॅस्टिकचे आमिष त्याच्या तोंडातच राहिले.

मुलगा हिरमुसला, तेवढाच अस्वस्थही झाला. थोड्या वेळाने आमच्यापाशी येऊन म्हणाला, "सर, आता काठी मी स्वतःच बांधणार आहे. कोरी काठी कोणती घेऊ? दोन पाहून ठेवल्या आहेत. दोन्ही सात फुटी, दोन्ही काळ्या, दोन्ही कार्बनच्या. पण एकीची किंमत दुसरीच्या तिप्पट आहे. फरक नेमका कशाचा?"

प्रश्न बाजारातला असला तरी उत्तर पाठ्यपुस्तकातले आहे. तरफ, स्थितिस्थापकता, कंपने आणि ऊर्जा ही चारही प्रकरणे त्या एका काठीत एकत्र येतात. म्हणूनच तो प्रश्न या पानांवर आणला आहे.

मासा आणि आमिष

काठी ठरवण्याआधी तिच्याकडून काय काम करून घ्यायचे आहे ते ठरवले पाहिजे. आपल्या खाडीतला मासा म्हणजे जिताडा. शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर. इंग्रजीत त्याला आशियाई सीबास किंवा बॅरामुंडी म्हणतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यांत हा मासा पाळण्याची प्रथा जुनी आहे. खाडीत तो भरतीच्या पाण्याबरोबर आत येतो आणि खाजणाच्या उघाड्या, पुलांचे खांब, तिवरांची मुळे अशा ठिकाणी दबा धरून राहतो. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदराच्या परिसरात भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. तेवढे पाणी अरुंद जागेतून ये-जा करताना बोय, कोळंबी यांसारखे भक्ष्य वाहत येते आणि जिताड्याची शिकार सोपी होते.

जिताडा भक्ष्याचा लचका तोडत नाही. तो तोंड एकदम उघडतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतो. आत आलेली वस्तू नकली वाटली तर ती क्षणात बाहेर टाकतो. या दोन क्रियांमध्ये जो अल्पसा वेळ जातो, तेवढ्यात माणसाला कळले पाहिजे आणि त्याने झटका दिला पाहिजे.

मऊ प्लॅस्टिकचे आमिष मूळचे अमेरिकेतले. तेथील गोड्या पाण्यातल्या काळ्या बास माशासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन गावच्या निक क्रीम यांनी १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. पॉलिव्हिनिल क्लोराइडमध्ये मृदुकारी द्रव्य मिसळून ते रबरापेक्षाही मऊ करता येते. आज याच द्रव्यापासून बोयीसारखी, कोळंबीसारखी आमिषे करतात. त्यांच्या आत एकच जाडसर गळ असतो आणि त्याच्या डोक्याशी बहुधा शिशाचा गोळा. हे आमिष आपणहून फारसे हालचाल करत नाही. त्याला जिवंत भासवण्याचे काम काठीच्या शेंड्याने करायचे असते.

तेव्हा काठीची कामे चार झाली. साधारण १० ते २० ग्रॅमचे आमिष दूर फेकणे, माशाचा हलका स्पर्श हातापर्यंत पोचवणे, जाड गळ कठीण जबड्यात रुतवणे आणि नंतर माशाला मुळांपासून दूर धरणे. पहिल्या दोन कामांना शेंडा हलका आणि चपळ हवा. नंतरच्या दोन कामांना बुंधा ताठ हवा. एकाच काठीकडून दोन परस्परविरोधी मागण्या आहेत. सगळी निवड या ओढाताणीभोवती फिरते.

कोरी काठी म्हणजे काय?

ज्या काठीला अजून मूठ, रिळाची बैठक आणि दोरा जाण्यासाठीच्या कड्या बसवलेल्या नाहीत, तिला बाजारात ब्लँक म्हणतात. आपण तिला कोरी काठी म्हणू. ती पोकळ असते आणि बुंध्याकडून शेंड्याकडे निमुळती होत जाते.

ती तयार करण्याची रीत मोठी सुरेख आहे. कार्बनचे किंवा काचेचे तंतू राळेत भिजवून त्यांची पातळ, चिकट चादर तयार करतात. ही चादर पताकेसारख्या आकारात कापून एका निमुळत्या पोलादी सळईभोवती लाटतात. त्यावर फीत घट्ट गुंडाळतात आणि सारे भट्टीत भाजतात. राळ कडक झाली की सळई ओढून काढतात, फीत सोलतात आणि काठी घासतात. काही काठ्यांवर अंगभर बारीक आटे दिसतात. ते या फितीच्या कडांचे ठसे होत. न घासलेली काठी वाईट नसते, उलट घासताना वरचे तंतू कापले जाण्याचा धोका तिथे टळतो.

बरेचसे तंतू काठीच्या लांबीच्या दिशेने असतात, कारण वाकताना ताण त्याच दिशेने येतो. पण सगळे तंतू तसेच ठेवून भागत नाही. शीतपेयाची नळी वाकवून पाहा. ती आधी चपटी होते आणि मग एका जागी मुडपते. पोकळ काठीचेही तेच होऊ शकते. म्हणून चांगल्या काठीत थोडे तंतू आडवेही घातलेले असतात. ते नळीला गोल ठेवतात.

पोकळी कशासाठी?

समजा, ८ मिलिमीटर व्यासाची एक भरीव काठी आहे. तेवढेच द्रव्य वापरून आपण १२ मिलिमीटर बाह्य व्यासाची नळी केली. तिचा आतला व्यास सुमारे ८.९ मिलिमीटर येईल. दोन्हींचे वजन सारखे, पण ताठपणा? गोल काठीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो आणि नळीसाठी बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करायचा असतो. भरीव काठीसाठी ८ चा चौथा घात ४०९६. नळीसाठी २०७३६ मधून सुमारे ६४०० गेले, उरले १४३३६. म्हणजे त्याच वजनात ताठपणा साडेतीन पट झाला. कारण सोपे आहे. वाकताना काठीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधल्या गाभ्याला जवळजवळ कामच नसते. बिनकामाचे द्रव्य काढून कडेला नेले की झाले.

बांबूने ही युक्ती फार पूर्वीच साधली आहे. तो पोकळ असतो, त्याचे तंतू बाहेरच्या सालीकडे अधिक दाट असतात आणि पेरांमुळे तो चपटा होत नाही. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या गळाची काठी बांबूचीच असे. कोकणातला माणगा बांबू जवळजवळ भरीव असतो. तो चिवट खरा, पण हातात जड वाटतो. त्यामागचे गणित आता लक्षात येईल.

आपल्याविरुद्ध काम करणारी तरफ

तरफेमुळे आपले श्रम कमी होतात असे मुलांच्या मनात पक्के बसलेले असते. गळाची काठी याला अपवाद आहे. ती तिसऱ्या प्रकारची तरफ आहे. बुंधा कोपराशी टेकलेला, तो टेकू. तिथून ३० सेंटिमीटरवर आपला हात, ते बल. आणि दोरा ओढतो तो शेंडा २१० सेंटिमीटरवर, तो भार. भाराची भुजा बलाच्या भुजेच्या सातपट. मासा काटकोनात २ किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने ओढत असेल, तर काठी सरळ राहिली असे धरल्यास हाताला १४ किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागेल.

प्रत्यक्षात काठी वाकते आणि वाकल्यामुळे भाराची भुजा आखूड होते. टेकूपासून दोऱ्याच्या रेषेचे लंबांतर १२० सेंटिमीटर उरले, तर हाताला ८ किलोग्रॅम वजनाइतकाच जोर लागतो. म्हणजे वाकणारी काठी माणसाला दया दाखवते. शिवाय मासा अचानक उसळी घेतो तेव्हा तो धक्का काठी वाकण्यात शोषला जातो आणि दोरा वाचतो.

मग काठी जितकी जास्त वाकेल तितके बरे, असे का म्हणू नये? कारण जी काठी माणसाला फार दया दाखवते, ती माशावर जोरच लावत नाही. दोऱ्यातला ताण वाढवायला गेलो की काठी आणखी वाकते आणि मासा हवा तिकडे जातो. आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. ताठपणा हवा, पण तो बुंध्याच्या अर्ध्या भागात. याला बाजारात काठीची ताकद म्हणतात आणि हलकी, मध्यम, मध्यम-भारी, भारी अशी तिची प्रतवारी करतात.

काठी कुठे वाकते?

ताकद म्हणजे काठी किती वाकते. याहून वेगळा प्रश्न असा, की ती कुठे वाकते. भार लावल्यावर वरचा चौथा-तिसरा हिस्साच मुख्यतः वाकत असेल, तर ती वेगवान काठी. अर्ध्यापर्यंत वाकत असेल तर मध्यम. मुठीपर्यंत कमान होत असेल तर मंद. हा फरक निमुळतेपणाने आणि चादरीच्या कापणीने साधतात.

एकच जाड गळ असलेल्या मऊ आमिषासाठी वेगवान काठी चांगली. झटका देताना शेंडा लगेच वाकून संपतो आणि ताठ बुंध्याचा जोर गळापर्यंत पोचतो. बारीक तिहेरी गळ असलेल्या लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकच्या आमिषासाठी मात्र मध्यम काठी बरी. तिथे गळ सहज रुततात आणि जास्त झटक्याने ते फाटून निघण्याची भीती असते.

स्पर्श हाताला कसा कळतो?

जिताड्याने आमिष ओढले की दोऱ्यातून एक बारीक ठोका येतो. तो शेंड्याला हलवतो आणि कंपन बुंध्यापर्यंत पोचते. जी काठी हलकी आणि ताठ असते, ती चटकन हलते आणि चटकन थांबते. जी जड आणि लवचीक असते ती डुलत राहते. तिच्या स्वतःच्या डुलण्यात माशाचा ठोका हरवून जातो. काठीची नैसर्गिक वारंवारता ताठपणा भागिले वस्तुमान या गुणोत्तराच्या वर्गमुळानुसार बदलते. म्हणून द्रव्य निवडताना नुसता ताठपणा पाहायचा नाही, तर घनतेच्या मानाने ताठपणा पाहायचा.

काचेच्या तंतूचा यंग गुणांक सुमारे ७२ गिगापास्कल आणि घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट. साध्या कार्बन तंतूचा गुणांक सुमारे २३० गिगापास्कल आणि घनता पाण्याच्या १.८ पट. भागाकार केला तर कार्बन काचेच्या साडेचार पट सरस ठरतो. वर्गमूळ घेतले तर त्याच आकाराची कार्बनची काठी काचेच्या काठीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कंप पावेल. काचतंतूच्या काठ्या १९४० च्या दशकात आल्या. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेत १९६० च्या दशकात बळकट कार्बन तंतू करण्याची रीत विकसित झाली आणि १९७० च्या दशकात कार्बनच्या काठ्या बाजारात आल्या. त्यांनी काचेला मागे टाकले ते मुख्यतः या दुप्पट चपळाईमुळे.

इथे एक इशारा. शेंड्याशी वाढलेला एक ग्रॅम बुंध्याशी वाढलेल्या वीस ग्रॅमपेक्षा जास्त नुकसान करतो. महागडी कोरी काठी घेऊन तिच्या शेंड्यावर जड कड्या आणि लाखेचे थर चढवले, तर मिळवलेली चपळाई तिथेच जाते. दोऱ्याचेही तसेच. नायलॉनचा तंगूस बराच ताणला जातो. पॉलिएथिलीनचा विणलेला दोरा फारच थोडा ताणतो आणि ठोका स्वच्छ पोचवतो. मात्र जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कडा धारदार असते. म्हणून शेवटच्या हातभर लांबीला जाड तंगूस जोडणे गरजेचे.

'टन' म्हणजे काय?

आता त्या तिप्पट किमतीकडे येऊ. कार्बनच्या काठ्यांवर २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे छापलेले असतात. पुष्कळांना वाटते, की ही काठीची उचलण्याची ताकद आहे. तसे मुळीच नाही. हा तंतूच्या यंग गुणांकाचाच आकडा आहे, टन प्रति चौरस मिलिमीटर या एककात. २४ टन म्हणजे सुमारे २३५ गिगापास्कल, अर्थात साधा कार्बन. ४० टन म्हणजे सुमारे ३९० गिगापास्कल.

गुणांक जास्त असला की तेवढ्याच ताठपणासाठी द्रव्य कमी लागते. काठी हलकी आणि चपळ होते. पण निसर्ग फुकट काही देत नाही. काचेचा तंतू तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या चार टक्क्यांहून अधिक ताणतो. साधा कार्बन सुमारे दीड टक्का. उच्च गुणांकाचा कार्बन एक टक्का किंवा त्याहून कमी.

याचा अर्थ एका हिशेबाने कळेल. काठी वाकली असता तिच्या पृष्ठभागावरचा ताण-विकार म्हणजे काठीची त्रिज्या भागिले वाकण्याच्या वर्तुळाची त्रिज्या. काठीची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि ती ५० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वाकली, तर विकार ५ भागिले ५००, म्हणजे एक टक्का. साधा कार्बन इथे तग धरेल, उच्च गुणांकाचा कदाचित धरणार नाही. मासा पायाशी आला असता काठी सरळ वर उभी धरण्याची पुष्कळांना सवय असते. तेव्हा सारा भार शेंड्याच्या लहानशा भागावर येतो, तिथले वर्तुळ फारच लहान होते आणि काठी मोडते. आम्हीही एक काठी अशीच मोडून हा धडा घेतला आहे. दोष काठीचा नव्हता. मासा जवळ आणताना काठी आणि दोरा यांतील कोन काटकोनापेक्षा फार लहान होऊ देऊ नये.

उच्च गुणांकाच्या काठीची भिंत पातळ असते. दगडी बांधावर आपटली किंवा शिशाचा गोळा तिच्यावर लागला, तर दिसणार नाही अशी चीर पडते आणि ती महिन्याभराने ऐन वेळी उघडी पडते. खाडीच्या बांधावर, पुलाखाली, चिखलात वावरणाऱ्या नवशिक्याला २४ किंवा ३० टनांची काठी पुरेशी आहे, असे आमचे मत आहे.

छापील आकडे

अमेरिकी पद्धतीच्या काठ्यांवर आमिषाचे वजन औंसांत आणि दोऱ्याची ताकद पौंडांत लिहितात. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. पाव ते पाऊण औंस लिहिले असेल तर ७ ते २१ ग्रॅम. १२ ते २० पौंड म्हणजे साधारण साडेपाच ते नऊ किलोग्रॅम.

आमिषाच्या वजनाला अर्थ आहे. फेकताना आमिषाच्या जडत्वामुळे शेंडा मागे वाकतो, त्यात ऊर्जा साठते आणि सुटताना ती आमिषाला मिळते. आमिष फार हलके असले तर काठी वाकतच नाही आणि आमिष जवळच पडते. फार जड असले तर काठी सावरत नाही. लांबी निवडतानाही भान ठेवावे. द्रव्य आणि जाडी तीच ठेवून काठी सहा फुटांऐवजी सात फुटांची केली, तर टोकाशी ती तेवढ्याच भाराने सुमारे १.६ पट वाकते, कारण वाकणे लांबीच्या घनानुसार वाढते. लांब काठी दूर फेकते, पण तरफ आणखी प्रतिकूल होते. बांधावरून फेकण्यासाठी सात फूट हा चांगला मध्य आहे.

वर्गात करून पाहा

मध्यम-भारी, वेगवान हे शब्द प्रत्येक उत्पादक आपापल्या मनाप्रमाणे वापरतो. एकाची मध्यम ती दुसऱ्याची भारी. यावर उपाय म्हणून अमेरिकेत विल्यम हॅनमन यांनी नाण्यांची पद्धत सुचवली. काठी आडवी पकडून तिच्या शेंड्याला पिशवी बांधायची आणि शेंडा काठीच्या लांबीच्या एक-तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत एक सेंटची नाणी टाकायची. त्या नाण्याचे वजन अडीच ग्रॅम ठरलेले असल्यामुळे कोणालाही तेच मापन करता येते. आपल्याकडे एकाच किमतीची नाणी निरनिराळ्या वजनांची आहेत, म्हणून आपण पाणी वापरू. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम.

साहित्य: काठी, टेबल, दोन शिकंजे, पातळ प्लॅस्टिकची पिशवी, मापनपात्र, कोनमापक आणि भिंतीवर लावलेला मोठा कागद. काठीचा मुठीचा भाग टेबलावर आडवा घट्ट बसवा. शिकंजाखाली कापडाची घडी ठेवा, नाहीतर काठी चेपेल. बाहेर राहिलेली लांबी मोजा. ती १७४ सेंटिमीटर असेल तर शेंडा ५८ सेंटिमीटर खाली यायला हवा. पिशवी बांधून हळूहळू पाणी ओता. शेंडा खुणेला टेकला की थांबा. पाण्याचे वस्तुमान अधिक पिशवीचे वस्तुमान, ही काठीची ताकद ग्रॅममध्ये.

आता त्याच स्थितीत काठीची रेषा कागदावर काढून घ्या आणि अगदी शेंड्याशी ती क्षितिजाशी किती अंशांचा कोन करते ते मोजा. हा कोन जितका मोठा, तितकी काठी वेगवान. तुलनेसाठी ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी अशीच वाकवून पाहा. सर्वत्र सारख्या जाडीच्या पट्टीचा कोन ३० अंशांच्या आसपास येईल. निमुळत्या काठीचा त्याच्या दुप्पट किंवा अधिक येतो. निमुळतेपणा म्हणजे काय, हे या दोन कोनांवरून डोळ्यांना दिसते.

तिसरे मापन चपळाईचे. पिशवी काढा, शेंडा थोडा खाली ओढून सोडा आणि दहा कंपनांना लागणारा वेळ मोजा. हाताच्या घड्याळाने जमत नसेल तर मोबाइलवर चित्रफीत घेऊन ती संथ गतीने पाहा. मग शेंड्याला एक नाणे चिकटपट्टीने लावा आणि पुन्हा मोजा. वेळ किती वाढला ते पाहून विद्यार्थी शेंड्यावर जड कडी लावण्याचे नाव काढणार नाहीत.

खाडीकाठी काम करताना एक गोष्ट कधीही विसरू नये. कार्बन विजेचा वाहक आहे. खाडीवरून आणि काठावरून उच्च दाबाच्या तारा जातात. त्यांच्या खाली किंवा जवळ कार्बनची काठी उचलू नये. आभाळात विजा चमकू लागल्या की काठी आडवी ठेवून निघून जावे.

मोठा मासा म्हणजे मादी

ताकदीचा प्रश्न केवळ हौसेचा नाही. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर बहुतेक मासे मादी होतात. म्हणजे गळाला लागलेला खूप मोठा जिताडा जवळजवळ नेहमी मादी असतो. अशी एक मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त अवस्थेत जिताड्याचे प्रजनन साधले, त्यामुळे तळ्यांसाठी पिल्ले मिळू लागली. खाडीतल्या जिताड्याची पिढी मात्र आजही या मोठ्या माद्यांवरच अवलंबून आहे. म्हणून जाणते लोक त्यांना सोडून देतात.

पण सोडलेला मासा जगला पाहिजे. दमलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते आणि ते निवारायला प्राणवायू लागतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. उन्हाळ्यात खाडीत वीस मिनिटे झुंजवलेली मादी पोहत गेली तरी नंतर मरू शकते. कमकुवत काठी झुंज लांबवते, पुरेशी ताठ काठी ती लवकर संपवते. काठीने दोरा वाचवला तर गळ आणि प्लॅस्टिक तोंडात घेऊन मासा जात नाही आणि तिवरांत न कुजणारे प्लॅस्टिकही उरत नाही. ठाणे खाडीच्या पश्चिम काठाचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ झाला. तिथे वनविभागाचे नियम पाळलेच पाहिजेत. पण अभयारण्याची हद्द संपली म्हणून पाण्याची जबाबदारी संपत नाही.

आमच्या विद्यार्थ्याने पुढे काय केले ते सांगून थांबतो. त्या दोन्ही प्रकारच्या काठ्या ओळखीच्या लोकांकडे होत्या. त्याने त्या मागून आणल्या आणि शाळेच्या प्रयोगशाळेत पाण्याची पिशवी टांगली. दोन्हींची ताकद जवळजवळ सारखी निघाली, शेंड्याचे कोनही. फरक होता तो चपळाईत आणि तोही थोडा. त्याने स्वस्त काठी घेतली, उरलेल्या पैशांत हलक्या कड्या, चांगला दोरा आणि गळ काढण्याची पक्कड घेतली. "सर," तो म्हणाला, "किमतीचा फरक बोटांना कळेल, पण माशाला कळणार नाही." आम्हाला वाटते, कोरी काठी निवडण्याचा निकष याहून चांगल्या शब्दांत सांगता येणार नाही.